धरणावरचं वीजकेंद्र: लाइन गेली की चालत्या मशीनचं काय करतात?

डिचोलीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. डिचोलीचा आहे, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. नुकताच सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका जलविद्युत केंद्रात ट्रेनी ऑपरेटर म्हणून लागलोय. केंद्राचं नाव मुद्दाम घेत नाही, नोकरी नवी आहे. आपल्या गोव्यात राज्याचं स्वतःचं मोठं वीजकेंद्रच नाही, त्यामुळे माझ्या वर्गातली बहुतेक पोरं वेर्ण्याच्या कारखान्यांत नाहीतर हॉटेलांच्या डीजी (डिझेल जनरेटर) सेटवर. पाण्यावरची वीज बघायची तर कोनाळ, कोयना, नाहीतर खाली काळी नदीवरची केंद्रं.

शंका अशी. परवा रात्रपाळीत विजा कडाडत होत्या आणि बाहेर जाणारी लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली. मशीन फुल लोडवर होतं. एकदम जो आवाज चढला तो मी जन्मात ऐकला नव्हता, पायाखालची जाळी थरथरत होती. शिफ्ट इन्चार्ज जागचे हललेसुद्धा नाहीत, फक्त स्पीडच्या काट्याकडे बघत होते. थोड्या वेळाने आवाज उतरला, मग त्यांनी मशीन पूर्ण बंद करायला घेतलं.

मशीनला काही झालेलं नव्हतं, धरणात पाणी होतं. मग बंद कशाला? आणि इथले सगळे सीनियर एकच वाक्य ऐकवतात: "चालू कोणीही करतो, बंद करून दाखव." याचा अर्थ काय?

वेर्णा_मेंटेनन्स

आमच्याकडे उलट. वीज खात्याचा सप्लाय गेला की डीजी चालू होतो, दहा-पंधरा सेकंदांत लोड घेतो. चवथीच्या आसपास तर रोजचंच. डीजीवरचा लोड अचानक गेला तरी वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल कापतो, आरपीएम जरा वर जाऊन १५०० वर बसतात. पाण्याच्या मशीनचा एवढा बाऊ का?

फोंड्याचे_आजोबा

वेर्णाबाब, उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: "डिझेल कापतो." डिझेल लगेच कापता येतं, पाणी येत नाही. नोकरीची सगळी वर्षं मी हायड्रोतच काढली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पेनस्टॉक म्हणजे डोंगरावरून खाली येणारा तो मोठा पाइप. समजा तो एक किलोमीटर लांब आणि दोन मीटर व्यासाचा आहे. त्यात तीन हजार टनांच्या वर पाणी असतं आणि ते सगळं सेकंदाला चार-पाच मीटर वेगाने धावत असतं. खालचं दार धाडकन बंद केलं तर हा लोंढा जाणार कुठे? पाइपातला दाब उसळतो, त्याला आम्ही वॉटर हॅमर म्हणतो. पाइप फाटू शकतो. म्हणून गाइड व्हेन, म्हणजे टर्बाइनला पाणी सोडणाऱ्या झडपा, सावकाश बंद कराव्या लागतात, काही सेकंद घेऊन. वर डोंगरात सर्ज टँक असतो तो याच उसळीला वाट द्यायला.

आता दुसरी बाजू. लाइन गेली त्या क्षणी जनरेटरवरचा विजेचा भार शून्य झाला, पण टर्बाइनवर पाणी अजून पूर्ण जोराने आदळतंय. रोटरला, म्हणजे जनरेटरच्या फिरणाऱ्या भागाला, मागे ओढणारं कोणी उरलं नाही. मोठं हायड्रो मशीन पूर्ण टॉर्कवर मोकळं सोडलं तर शून्यापासून नेहमीच्या वेगाला यायला साधारण सहा-आठ सेकंद घेतं. म्हणजे लोड गेल्यावर पहिल्याच सेकंदात वेग बारा-पंधरा टक्क्यांनी चढतो. व्हेन बंद होईपर्यंत तो तीस-चाळीस टक्के वर जाऊन मग उतरतो. पोरा, तू ऐकलास तो आवाज हाच.

सावकाश बंद केलं तर रोटर पळतो, घाईने बंद केलं तर पाइप फुटतो. या दोन्हींच्या मधला क्लोजिंग टाइम डिझाइनवाल्यांनी ठरवलेला असतो आणि मशीन पहिल्यांदा चालू करताना मुद्दाम लोड तोडून तपासलेला असतो. पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा पायऱ्यांनी. म्हणून तुझे इन्चार्ज हलले नाहीत. काटा कुठवर जाऊन परत फिरणार हे त्यांना पाठ असणार.

पेल्टन मशीन, म्हणजे पाण्याच्या धारेवर फिरणारं चाक, असेल तर काम जरा सोपं. तिथे डिफ्लेक्टर असतो, नोझलमधून सुटलेली धार तो बकेटवरून एका-दोन सेकंदांत बाजूला वळवतो. पाण्याचा प्रवाह चालूच, पण चाकाला लागत नाही. मग नोझलची सुई आरामात बंद करा.

दोडामार्गकर

आमच्या कोनाळचं नाव निघालं म्हणून लिहितो. घाटमाथ्यावर चंदगडच्या बाजूला पाणी अडवून खाली कोनाळला सोडलंय, ६० मेगावॉटचं केंद्र आहे. गोव्याच्या लोकांना तिलारी म्हटलं की पेडणे-बार्देशकडे येणारा कालवा तेवढा आठवतो, वीजकेंद्र कोणाच्या गावीही नसतं. चालू द्या, वाचतोय.

सांगेची_वैदेही

आजोबा, काटा परत फिरलाच नाही तर? म्हणजे गव्हर्नरच अडकला तर?

फोंड्याचे_आजोबा

वैदेहीताई, तर मशीन रनअवे होतं, म्हणजे आवरेनासं पळतं. पेल्टनचा वेग नेहमीच्या पावणेदोन-दोनपट जातो, टर्बाइनचे दुसरे प्रकार म्हणजे फ्रान्सिस आणि कॅप्लान; फ्रान्सिसचाही जवळपास तेवढा, कॅप्लानचा अडीच-तीनपट. रोटरवरचे चुंबकीय पोल बाहेर ओढणारं बल वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट झाला की पोल धरून ठेवणाऱ्या खाचांवर चौपट ताण.

त्यासाठी एकावर एक कड्या असतात. गव्हर्नरने नाही ऐकलं तर इलेक्ट्रिकल ओव्हरस्पीड. तोही चुकला तर शाफ्टवर बसवलेला मेकॅनिकल, त्यात वजन बाहेर फेकलं जाऊन खटका पाडतं, त्याला ना वीज लागते ना कॉम्प्युटर. हा साधारण दीडपटीच्या आसपास लावतात, नाहीतर प्रत्येक लोड रिजेक्शनला, म्हणजे असा लोड अचानक गेला की, विनाकारण पडेल. तो पडला की टर्बाइनच्या आधीचा मेन इनलेट व्हॉल्व्ह बंद होतो. पुष्कळ ठिकाणी हा व्हॉल्व्ह तेलाच्या दाबाने उघडतो आणि वजनाने बंद होतो. तेल गेलं, वीज गेली, तरी टांगलेलं वजन खाली येणारच. तोही अडकला तर वर धरणावरचं इनटेक गेट.

आता तुझा प्रश्न, पोरा: बंद का केलं. लाइन लगेच परत येणार असेल तर मशीन फिरतं ठेवतात, पूर्ण वेग, भार नाही. पण फ्रान्सिस मशीन असं फार वेळ ठेवणं चांगलं नाही. अगदी थोड्या पाण्यावर रनर (टर्बाइनचं चाक) खडखडतो, कॅव्हिटेशन होतं, म्हणजे पाण्यातले बुडबुडे फुटून धातू खातात. रात्री विजा चालू असताना लाइन कधी येणार याचा भरवसा नव्हता, म्हणून बंद.

बंद करणं म्हणजे तरी काय? वेग उतरत जातो आणि खरी काळजी तिथून सुरू होते. उभ्या शाफ्टच्या मशीनचं सगळं वजन थ्रस्ट बेअरिंगवर असतं. शेकडो टनांचा रोटर बेअरिंगच्या पॅडवर तेलाच्या फिल्मवर तरंगतो, आणि ती फिल्म कागदापेक्षाही पातळ. फिल्म वेगामुळे तयार होते. वेग कमी झाला की ती तुटते आणि धातूला धातू घासतो. म्हणून वेग वीस-तीस टक्क्यांवर आला की ब्रेक लावून मशीन झटकन थांबवायचं, मधल्या मंद वेगात रेंगाळू द्यायचं नाही. सुरू करताना आणि थांबवताना जॅकिंग पंपाने दाबाखाली तेल ढकलून रोटर जरासा उचलूनही धरतात. थांबलं तरी सुटका नाही, गाइड व्हेन गळत असल्या तर रोटर हळूहळू फिरत राहतो, क्रीप करतो. पहाटे कोणाचं लक्ष नसताना तासभर असं सरपटलेलं मशीन थ्रस्ट पॅडचा बॅबिट, म्हणजे वरचा मऊ धातूचा थर, खरवडून टाकतं.

मडगावचा_मास्तर

वाचनखूण साठवली. वर्गात सिंक्रोनस स्पीडचं सूत्र शिकवतो, १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल. डीजीला चार पोल, १५०० आरपीएम. हायड्रोला वीस पोल घेतले तर ३००, बारा घेतले तर ५००. पोरं पाठ करतात आणि विसरतात. हा धागा दाखवणार त्यांना.

म्हापशेकर

लाइन लाइन करताय, आमच्याकडे परवा पाच तास लाइट नव्हती त्याचं काय? आणि तो तमनारच्या वीजवाहिनीचा प्रकल्प…

संपादक

म्हापशेकर, तमनारवर वेगळा धागा आहे, तिथे लिहा. इथे जनरेटरपुरतं.

रिले_रिपेअर

आजोबांचं सगळं मान्य, पण हे सगळं यांत्रिक झालं. आज संरक्षण म्हणजे न्यूमेरिकल रिले, बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणारा डिजिटल डबा. एका डब्यात पंधरा-वीस फंक्शन. डिफरेन्शियल, स्टेटर अर्थ फॉल्ट, रोटर अर्थ फॉल्ट, लॉस ऑफ एक्सायटेशन, निगेटिव्ह सिक्वेन्स, रिव्हर्स पॉवर, ओव्हरफ्लक्सिंग. ऑपरेटरने फक्त इव्हेंट लॉग वाचायचा. काट्याकडे बघत बसण्याचे दिवस गेले.

नवीन मुलाने काय आधी समजून घ्यावं? माझ्या मते स्टेटर अर्थ फॉल्ट, म्हणजे जनरेटरच्या स्थिर भागाचं वाइंडिंग जमिनीला टेकणं. जनरेटरचा न्यूट्रल थेट जमिनीला जोडत नाहीत, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून आणि रेझिस्टरमधून जोडतात. त्यामुळे वाइंडिंग कुठे कोअरला टेकलं तरी करंट पाच-दहा अँपिअरच्या घरात राहतो. मोकळा सोडला तर स्टेटरच्या पत्र्या वितळून एकमेकींना चिकटतात, मग कोअर नव्याने रचणं आलं. साधा व्होल्टेजवर चालणारा रिले वाइंडिंगचा न्यूट्रलकडचा शेवटचा पाच टक्के भाग पाहू शकत नाही, कारण तिथे व्होल्टेजच नसतं. त्यासाठी थर्ड हार्मोनिक किंवा बाहेरून २० हर्ट्झ सोडून तपासणारी योजना लागते. दोन्ही मिळून शंभर टक्के.

लॉस ऑफ एक्सायटेशन हे दुसरं. फील्ड, म्हणजे रोटरचं चुंबकत्व, गेलं तरी मशीन थांबत नाही, ग्रिडमधून रिअॅक्टिव्ह पॉवर ओढत इंडक्शन जनरेटरसारखं फिरत राहतं. बाहेरून मेगावॉट थोडेफार दिसतातच, आत रोटर तापतो. असल्या गोष्टी माणसाच्या डोळ्याला कळायला उशीर होतो. रिलेला नाही.

फोंड्याचे_आजोबा

रिलेबाब, रिले हवाच, वाद नाही. फील्ड जाण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते तर सोळा आणे खरं. पण एक सांगा, तुमचा डबा कशावर चालतो? आणि त्याने ट्रिप म्हटल्यावर ब्रेकरची कॉइल कशावर खेचली जाते?

रिले_रिपेअर

डीसीवर. स्टेशन बॅटरी. कळलं तुमचा रोख कुठे आहे ते :)

फोंड्याचे_आजोबा

हो, तिथेच. पंधरा-वीस फंक्शनं एका डब्यात आणि तो डबा एका बॅटरीवर. बॅटरी मेली की रिले मुका. फॉल्ट असला तरी ब्रेकर उघडायला कोणी नाही, आणि मशीन फॉल्टला वीज पुरवत राहतं.

श्रीशैलम आठवा. २० ऑगस्ट २०२०ची रात्र, तेलंगणाच्या बाजूचं डाव्या तीरावरचं भूमिगत केंद्र, १५० मेगावॉटची सहा युनिटं. आग लागली, धुराने बोगदा भरला, नऊ माणसं गेली. त्या वेळी तिथे बॅटऱ्या बदलण्याचंच काम चालू होतं. मृतांत बॅटरी कंपनीचे दोघे होते. केंद्राचे इंजिनियर शेवटपर्यंत आग आवरायला धडपडत होते. बॅटरीचं काम आम्ही लोक किरकोळ मानतो, "संध्याकाळपर्यंत होऊन जाईल" म्हणतो. पण चालत्या मशीनवर डीसीला हात लावायचा तर आधी पर्यायी बँक जोडून, तिच्यावर ट्रिप प्रत्यक्ष तपासूनच. जमत नसेल तर मशीन थांबवून करा.

दुसरं उदाहरण रशियाचं, सायानो-शुशेन्स्काया, १७ ऑगस्ट २००९. दहा युनिटं, प्रत्येकी ६४० मेगावॉट. दोन नंबरच्या युनिटच्या टर्बाइनवरचं झाकण धरणारे बोल्ट फॅटिगने तुटले, युनिट वर उडालं आणि पाणी हॉलमध्ये घुसलं. ७५ माणसं गेली. पाण्याने केंद्राचा स्वतःचा वीजपुरवठाही गेला, म्हणून माथ्यावरची गेटं आपोआप पडली नाहीत. माणसांनी धरणावर चढून हाताने बंद केली, तेव्हा कुठे पाणी थांबलं. तिथे युनिटचं कंपन वाढलेलं होतं, रिलेच्या लॉगमध्ये बोल्ट दिसत नाहीत.

म्हणून तुझे सीनियर म्हणतात ते बरोबर आहे, पोरा. सगळं नीट असताना बंद करणं बटणाचं काम आहे. वीज नाही, डीसी नाही, हॉलमध्ये धूर आहे किंवा पाणी आहे, अशा वेळी तुझं मशीन कुठून आणि कसं बंद होतं ते तुला माहीत हवं. पुढच्या पाळीला गेलास की इनलेट व्हॉल्व्हपर्यंत आणि इनटेक गेटच्या वाटेवर टॉर्च घेऊन चालून ये. अंधारात कुठली पायरी निसरडी आहे तेसुद्धा बघ.

सांगेची_वैदेही

श्रीशैलमची बातमी तेव्हा वाचली होती, पण बॅटरीचा भाग लक्षातच आला नव्हता.

वेर्णा_मेंटेनन्स

माघार घेतो, आजोबा. आमच्याकडे डीजीची बॅटरी गेली की फार तर मशीन सुरू होत नाही. इथे बॅटरी गेली की बंद होत नाही!

एक विचारायचं होतं. सगळा ग्रिड गेला तर हायड्रो सगळ्यात आधी उठतं म्हणतात, ते कसं?

रिले_रिपेअर

ब्लॅक स्टार्ट. औष्णिक केंद्राला पंखे, पंप, कोळशाच्या गिरण्या चालवायलाच कित्येक मेगावॉट लागतात. हायड्रोला गव्हर्नरचं तेल आणि थोडंफार किरकोळ, छोटा डीजी पुरतो. एक्सायटेशन सुरू करायला बॅटरीतून रोटरला थोडा करंट देतात, त्याला फील्ड फ्लॅशिंग म्हणतात, व्होल्टेज उभं राहिलं की मशीन स्वतःचं स्वतः घेतं. मग एक मोकळी लाइन चार्ज करून जवळच्या औष्णिक केंद्राला वीज पोहोचवायची. पश्चिम विभागात १९६० मेगावॉटची कोयना म्हणूनच इतकी मोलाची. मात्र लांब लाइन रिकामी चार्ज केली तर टोकाला व्होल्टेज चढतं आणि जनरेटर स्वतःहून एक्साइट व्हायला लागतो, तो वेगळाच ताप.

जुलै २०१२ मध्ये लागोपाठ दोन दिवस उत्तरेकडचा ग्रिड बसला तेव्हा पश्चिम विभाग वाचला, म्हणून आपल्याकडे त्याची आठवण कमी. तेव्हा दक्षिणेचा ग्रिड वेगळाच होता, तो ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ७६५ केव्ही लाइनने जोडला गेला.

डिचोलीचा_पोरगा

आजोबा, रिलेबाब, मनापासून आभार. आज पाळीत इन्चार्जना इनलेट व्हॉल्व्हबद्दल विचारलं, तर ते खूश होऊन मला टर्बाइन पिटपर्यंत घेऊन गेले. आमच्याकडेही वजनाचाच आहे.

आणखी एक. पावसाळ्यात आम्ही कशावर जास्त लक्ष ठेवायचं? इथे सगळं ओलं असतं. पॅनेलच्या दारावरसुद्धा पाणी.

फोंड्याचे_आजोबा

पाणी आणि गाळ. आधी गाळ. बेअरिंगचं तेल आणि स्टेटरची हवा थंड करायला जे पाणी लागतं ते बहुतेक पेनस्टॉक किंवा टेलरेसमधूनच (टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाट) येतं. पहिल्या मोठ्या पावसात त्यात पाला, माती, बारीक काटक्या. स्ट्रेनर चोंदतो, फ्लो कमी होतो आणि तापमान चढायला लागतं. अलार्म येईपर्यंत थांबू नये. ट्रिपचा आकडा प्रत्येक मशीनचा वेगळा, तो तुझ्या पॅनेलवर असेलच, पण मी सांगतोय ते आकड्याच्या आधीचं. त्याच लोडला, त्याच पाण्याला बेअरिंग मागच्या आठवड्यापेक्षा तीन अंश जास्त दाखवत असेल तर काहीतरी बदललंय. लॉगबुकात दर तासाला आकडा लिहितात तो याच्यासाठी. मी तर कूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपावर हात ठेवायचो. दोन्ही सारखेच गार लागले तर पाणी वाहतंय पण उष्णता उचलत नाही, म्हणजे ट्यूबांवर आतून थर बसलाय. बाहेरचा कढत लागला तर पाणीच कमी येतंय.

दुसरं, थांबलेलं मशीन. चालतं मशीन स्वतःच्या उष्णतेने कोरडं राहतं, थांबलं की आपल्या कोकणच्या हवेत वाइंडिंगवर दव धरतं. म्हणून स्पेस हीटर. मशीन बंद झालं की हीटर आपोआप चालू होतात असं सगळे गृहीत धरतात. क्लॅम्प मीटर लावून बघ, निम्मे जळालेले असतात आणि कोणाला पत्ता नसतो. बरेच दिवस थांबलेलं मशीन सुरू करण्याआधी मेगर कर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोज. दहाव्या मिनिटाच्या रीडिंगला पहिल्या मिनिटाच्या रीडिंगने भागलं की पोलरायझेशन इंडेक्स. दोनच्या वर हवा. कमी आला तर आधी वाळव, मग व्होल्टेज दे. साहेब फोनवर कितीही घाई करोत.

कार्बन ब्रशची आणि ब्रेकची काळी पूड वाइंडिंगवर बसते, दमट हवेत ती करंटला वाट करून देते. तेलाची वाफ मिसळली की त्याचा चिखल होतो. वार्षिक शटडाउनला पुसायची तर नीट पुसायची, नुसती हवा मारून ती आणखी आत ढकलायची नाही.

रिले_रिपेअर

यात एक भर. जनरेटरच्या बॅरलमध्ये (त्याच्याभोवतीच्या बंद जागेत) आग विझवायला सीओटू सोडायची सोय असते. साफसफाईला आत उतरताना त्याचा व्हॉल्व्ह बंद, कुलूप, किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात. आत माणूस असताना तो सुटला तर वास येत नाही, रंग दिसत नाही. परमिट कागदावर घेतलं म्हणजे झालं असं नाही, कुलूप स्वतः ओढून बघायचं. टर्बाइनकडे उतरायचं असेल तर इनलेट व्हॉल्व्ह बंद आणि लॉक, ड्रेन उघडा, ब्रेक लावलेले.

फोंड्याचे_आजोबा

+१. आणि ड्रेनेज पंप! विसरलोच होतो. वीजघर नदीच्या पातळीच्या खाली असतं, सगळीकडची गळती संपमध्ये, म्हणजे तळाच्या खड्ड्यात, येते. शाफ्ट सीलचं, कूलरचं, भिंतीतलं. दोन पंप असतात, एक चालू, एक राखीव. राखीव पंप आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष चालवायचा आणि फ्लोट हाताने उचलून बघायचा. पुराच्या दिवशी टेलरेसची पातळी चढते, गळती वाढते आणि नेमका त्याच दिवशी बाहेरचा सप्लाय नसतो. तुझ्या डीजीवर हे पंप आहेत का, ते सिंगल लाइन डायग्राममध्ये आजच बघून घे.

डिचोलीचा_पोरगा

बघितलं. एक पंप डीजीवर आहे, दुसरा नाही. इन्चार्जना सांगितलं, त्यांनी शिफ्ट रजिस्टरमध्ये लिहून घेतलं. उद्या मेंटेनन्सवाले केबलचा मार्ग बघायला येतायत, मीही त्यांच्याबरोबर खाली उतरणार आहे. फोटो काढायला बंदी आहे, तेव्हा आकृती हाताने काढून इथे टाकतो.